पडद्यावरची शर्यत

विद्यार्थिमित्रांनो, नागपूरच्या सीताबर्डीहून कामठी सुमारे सोळा किलोमीटर दूर आहे. सायकलने निघालात, तर तासाभराहून जास्त वेळ लागतो. 'आपली बस'ने गेलात, तरी गर्दी आणि थांबे यांमुळे बराच वेळ जातो. आता अशी कल्पना करा, की एक वाहन सीताबर्डीहून निघाले आणि एका मिनिटात कामठीला पोहोचले. म्हणजे त्याचा वेग ताशी जवळजवळ हजार किलोमीटर झाला. त्याला चाके नाहीत. ते जमिनीपासून थोडे वर तरंगत धावते. रस्ता कधी डावीकडे वळतो, कधी उजवीकडे, तर कधी चक्क उलटा होतो. आणि हे वाहन चालवणारे तुम्हीच आहात!

असे वाहन रस्त्यावर कोठेही नाही. ते आहे दूरदर्शन संचाच्या, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर. भविष्यकाळातील शर्यतीचे हे व्हिडिओ गेम जगभर खेळले जातात. ते मुलांना एवढे का आवडतात? आणि ते एवढे कठीण का असतात? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती शोधताना आपल्याला आपल्या डोळ्यांविषयी, मेंदूविषयी आणि घराबाहेरच्या रस्त्याविषयीही बरेच काही कळेल.

'शर्यत' हा मराठी शब्द ऐकला, की तुम्हांला उर्दूतील 'शर्त' आठवेल. वेगाची आवड माणसाला फार पूर्वीपासून आहे. आपल्या विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला 'शंकरपट' म्हणतात. पट पाहायला गावोगावचे लोक जमतात. बैलजोडी काही सेकंदांतच पट पार करते. पण त्या काही सेकंदांसाठी लोक तासन्तास उन्हात उभे राहतात. न्यायालयाच्या बंदीमुळे २०१४ पासून काही वर्षे या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींसह परवानगी मिळाली. पट असो वा पडदा, 'कोण पुढे जाईल?' ही उत्सुकता सारखीच असते. फरक एवढाच, की पटावर आपण बहुधा प्रेक्षक असतो आणि पडद्यावरच्या शर्यतीत चालक.

या खेळांची सुरुवात कशी झाली, ते पाहू या. जपानमध्ये क्योतो नावाचे जुने शहर आहे. तेथे १८८९ साली खेळायचे पत्ते तयार करणारा एक कारखाना सुरू झाला. त्याचे नाव निन्टेन्डो. पुढे हाच कारखाना व्हिडिओ गेम तयार करू लागला. २१ नोव्हेंबर १९९० रोजी निन्टेन्डोने एक नवे खेळयंत्र बाजारात आणले आणि त्याबरोबरच 'एफ-झिरो' नावाचा खेळही आणला. या खेळातील शर्यत इसवी सन २५६० मध्ये होते. त्यात तरंगणारी चार वाहने आहेत. त्यांतून एक निवडायचे आणि पाच फेऱ्या पूर्ण करायच्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी ठरावीक क्रमांकाच्या आत असावेच लागते. नाही तर शर्यत तेथेच संपते.

पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातील सिग्नोसिस या कंपनीने 'वाइपआउट' हा खेळ आणला. त्याची कथा २०५२ सालातील आहे. त्यातही वाहने जमिनीला न टेकता धावतात. त्याच्या वेगाला साजेसे ठेकेदार संगीतही त्याला दिले होते. 'एफ-झिरो'चा पुढचा अवतार १९९८ मध्ये आला. त्यात एकाच वेळी तीस वाहने धावत. २००३ मध्ये आलेला 'एफ-झिरो जीएक्स' तर खेळाडूंमध्ये फार कठीण खेळ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात ताशी हजार किलोमीटरच्या पुढचा वेग ही नेहमीची गोष्ट आहे.

आपल्याकडे १९९० नंतरच्या काळात शहरांत व्हिडिओ गेमची दुकाने निघाली. तेथे काही पैसे देऊन काही मिनिटे खेळता येई. पुढे सायबर कॅफेत आणि घरच्या संगणकावर शर्यतीचे खेळ आले. आता तर ते मोबाइलवरच खेळता येतात. साधने बदलली, पण खेळाचे मूळ सूत्र तेच राहिले.

आता एक गंमत पाहा. पडदा जागचा हलत नाही. तुम्हीही जागेवरच बसलेले असता. मग वेग येतो कोठून? तो तुमच्या मेंदूत तयार होतो.

रेल्वेने वर्ध्याला जाताना खिडकीतून बाहेर पाहा. रुळांजवळचे खांब झपाझप मागे पळतात. दूरची झाडे सावकाश सरकतात. क्षितिजावरची टेकडी तर जागची हललेलीच वाटत नाही. जवळची वस्तू वेगाने आणि दूरची वस्तू हळू सरकली, की मेंदू समजतो, 'आपण पुढे चाललो आहोत.' खेळ तयार करणारे याच सवयीचा उपयोग करतात. १९९० च्या 'एफ-झिरो'मधला रस्ता म्हणजे खरे तर एक सपाट चित्र होते. मोठा नकाशा जमिनीवर अंथरून त्याच्या काठाशी गुडघे टेकून बसा. जवळचा भाग मोठा दिसेल आणि दूरचा भाग लहान होत जाईल. त्या खेळयंत्रातही सपाट चित्र असेच मोठे-लहान करून आणि फिरवून दाखवण्याची सोय होती. त्यामुळे सपाट चित्राचा लांबवर जाणारा रस्ता झाला.

दुसरी युक्ती चित्रांच्या संख्येची आहे. चित्रपटात एका सेकंदाला साधारणपणे २४ चित्रे दाखवतात. ती एवढ्या लवकर बदलतात, की आपल्याला सलग हालचाल दिसते. आता हिशेब करा. ताशी हजार किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे २७८ मीटर जाते. सेकंदाला २४ चित्रे दाखवली, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ते ११ मीटरांहून जास्त पुढे गेलेले असेल. मग वळण नेमके कोठे सुरू झाले, हे कळणार कसे? म्हणून १९९८ च्या 'एफ-झिरो'मध्ये सेकंदाला ६० चित्रे दाखवली. त्यासाठी रस्त्याच्या आजूबाजूची सजावट कमी करावी लागली. चित्र साधे झाले तरी चालेल. पण हालचाल सलग हवी, असा निर्णय खेळ तयार करणाऱ्यांनी घेतला.

आता या खेळांच्या काठिण्याकडे वळू. त्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करा. मित्राला तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायला सांगा. तुम्ही खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. पट्टीला स्पर्श करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि तुम्ही ती चिमटीत पकडावी. आता बोटांजवळचा आकडा वाचा. पट्टी २० सेंटिमीटर खाली आली असेल, तर तुम्हांला सुमारे ०.२ सेकंद लागले. पूर्ण ३० सेंटिमीटर घसरली, तर सुमारे पाव सेकंद लागला. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने हुकूम दिला आणि बोटांनी तो पाळला, एवढ्या कामाला लागणाऱ्या या वेळाला 'प्रतिक्रियाकाळ' म्हणतात.

पट्टीच्या प्रयोगात काय करायचे, ते आधीच ठरलेले असते. शर्यतीत मात्र डावीकडे वळायचे की उजवीकडे, वेग कमी करायचा की नाही, हे आधी ठरवावे लागते. त्याला आणखी वेळ जातो. तरी आपण पाव सेकंदच धरू. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल पाव सेकंदात सुमारे एक मीटर पुढे जाते. ताशी १२० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे आठ मीटर जाते. आणि ताशी हजार किलोमीटर वेगाचे पडद्यावरचे वाहन सुमारे सत्तर मीटर जाते! क्रिकेटच्या साडेतीन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या, तर एवढे अंतर होते. म्हणजे वळण दिसल्यावर बटण दाबायचे ठरवले, तर बोट हलेपर्यंत वाहन कठड्यावर आदळलेले असते.

खेळातील नियमही चालकाला सुखाने बसू देत नाहीत. वाहनाजवळ शक्तीचा ठरावीक साठा असतो. कठड्याला घासले, की तो कमी होतो. साठा संपल्यावर पुन्हा धक्का बसला, की वाहन नष्ट होते. 'जीएक्स'मध्ये आणखी एक पेच आहे. दुसऱ्या फेरीपासून जादा वेग घेता येतो. पण तो याच साठ्यातून घ्यावा लागतो. जास्त वेग घेतला, तर संरक्षण कमी होते. संरक्षण राखले, तर इतर वाहने पुढे निघून जातात. किती खर्च करायचे आणि किती राखून ठेवायचे, हे चालकाने ठरवायचे. काही ठिकाणी तर रस्त्याला कठडेच नसतात. तेथे तोल गेला, की वाहन खोल दरीत पडते.

'वाइपआउट'मध्ये वळण घेण्याचीच अडचण आहे. सायकलचे किंवा मोटारीचे चाक जमिनीला घट्ट धरून असते. म्हणून हँडल फिरवले, की गाडी वळते. तरंगणाऱ्या वाहनाला जमिनीचा आधार नसतो. त्याचे तोंड वळले, तरी ते काही अंतर जुन्याच दिशेने घसरत जाते. त्यासाठी डाव्या आणि उजव्या बाजूला हवेचे वेगवेगळे ब्रेक दिलेले आहेत. तीव्र वळणावर योग्य बाजूचा ब्रेक लावावा लागतो आणि तोही वळण येण्यापूर्वी. नवखा खेळाडू वळणावर ब्रेक लावतो आणि आदळतो.

मग निष्णात खेळाडू हे कसे करतात? त्यांची बोटे विजेसारखी चालतात का? नाही. त्यांचाही प्रतिक्रियाकाळ तुमच्याआमच्यापेक्षा फारसा कमी नसतो. त्यांनी रस्ता पाठ केलेला असतो. तिसऱ्या वळणानंतर उडी येते, उडीनंतर लगेच डावे वळण येते, हे त्यांना ठाऊक असते. त्यांची नजर वाहनावर नसते. ती पुढे, रस्ता जेथून उलगडत येतो तेथे असते.

तुमच्या शाळेत बैतबाजीची स्पर्धा झाली असेल. समोरच्या संघाने शेर म्हटला, की त्याच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा शेर तुमच्या संघाने लगेच म्हणायचा असतो. चांगला खेळाडू क्षणभरही न थांबता शेर म्हणतो. ऐकणाऱ्यांना नवल वाटते. पण तो शेर त्याने त्या क्षणी रचलेला नसतो. घरी बसून त्याने शेकडो शेर पाठ केलेले असतात. त्याचा वेग हा त्याच्या तयारीचा वेग असतो.

आपल्या नागपूरची दिव्या देशमुख हिचेही उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दिव्यासमोर अनुभवी कोनेरू हम्पी होती. नेहमीच्या संथ पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग थोड्या वेळात संपणारे जलद डाव खेळावे लागले. २८ जुलै रोजी त्या डावांत दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. जलद डावात प्रत्येक चाल मुळापासून विचार करून खेळायला वेळ नसतो. अनेक वर्षांच्या सरावात पाहिलेल्या मांडण्या खेळाडूला ओळखू येतात आणि योग्य चाल सुचते. बैतबाजी, बुद्धिबळ आणि पडद्यावरची शर्यत या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पण तिन्हींमध्ये घाईपेक्षा ओळख जास्त उपयोगी पडते.

या खेळांच्या आकर्षणाचे रहस्यही येथेच आहे. पहिल्या दिवशी खेळाडू पहिल्याच वळणावर आदळतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणापर्यंत जातो. आठवड्याने एक फेरी पूर्ण होते. रस्ता तोच असतो, वाहन तेच असते. बदललेला असतो तो खेळाडू. आपली प्रगती अशी डोळ्यांसमोर दिसली, की आनंद होतो. १९९८ च्या 'एफ-झिरो'मध्ये तर तुमच्याच आधीच्या फेरीची सावली तुमच्याबरोबर धावते. म्हणजे कालच्या स्वतःलाच आज हरवायचे असते.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९९० मध्ये या आनंदाविषयी एक प्रसिद्ध पुस्तक लिहिले. काम फार सोपे असले, तर कंटाळा येतो. फार कठीण असले, तर भीती वाटते. मात्र काम आपल्या कुवतीच्या अगदी काठावर असले, की माणूस त्यात पूर्ण बुडून जातो. तुम्ही याला 'मशगूल होणे' म्हणता. मराठीतही तोच शब्द वापरतात. वेगवान खेळ माणसाला चटकन मशगूल करतात. पण मशगूल माणसाला वेळेचे भान राहत नाही, हेही लक्षात ठेवा. 'एकच फेरी' म्हणता म्हणता संध्याकाळ निघून जाते. डोळे शिणतात, मान अवघडते आणि गृहपाठ तसाच राहतो. म्हणून घड्याळ लावूनच खेळायला बसावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पडद्यावर आदळल्यावर काय होते? मोठा आवाज होतो, ठिणग्या उडतात आणि 'पुन्हा खेळा' अशी अक्षरे येतात. बटण दाबले, की वाहन नवेकोरे होऊन उभे राहते. म्हणूनच तेथे शंभर वेळा चुकून शिकता येते. पण तेथील वेगाची सवय घेऊन कोणी खऱ्या रस्त्यावर उतरला, तर?

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा सुरू झाला. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरांचा हा पूर्ण मार्ग खुला झाला. त्याच्या सपाट भागात मोटारीला ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. पडद्यावरच्या हजारापुढे १२० हा आकडा किरकोळ वाटेल. पण ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. अचानक अडथळा आला, तर चालकाला तो ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला साधारणपणे एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात मोटार ३३ ते ५० मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक तर आत्ता कोठे लागू लागलेले असतात. शिवाय वेग दुप्पट झाला, की आघाताची ऊर्जा चौपट होते.

आणखी एक धोका आहे. बराच वेळ मोठ्या वेगाची सवय झाली, की लहान वेग प्रत्यक्षाहून कमी वाटू लागतो. महामार्गावरून शहरात शिरणाऱ्या चालकाला ताशी ६० किलोमीटर म्हणजे रांगणे वाटते. आणि पडद्यावरचा रस्ता पाठ करता येतो, तसा खरा रस्ता पाठ करता येत नाही. तुमच्या मोहल्ल्यातील रस्ता तुम्ही हजार वेळा पाहिला असेल; पण आज गल्लीतून चेंडूमागे धावत येणारे मूल तेथे काल नव्हते. पाठांतर जेथे संपते, तेथे चालकाजवळ एकच उपाय उरतो. तो म्हणजे वेग कमी ठेवणे.

खऱ्या मोटारींच्या शर्यतीवरील एका व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतून २०११ मध्ये जॅन मार्डेनबरो हा ब्रिटनचा तरुण निवडला गेला. तो पुढे खराखुरा शर्यतपटू झाला. पण त्यासाठी त्याला खास मैदानावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कसून प्रशिक्षण घ्यावे लागले. एवढे होऊनही २०१५ मध्ये जर्मनीतील एका शर्यतीत त्याची मोटार हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली. तो वाचला, पण एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. शिरस्त्राण, कुंपण, डॉक्टर अशी सारी तयारी असलेल्या ठिकाणी असे घडू शकते. मग गर्दीच्या रस्त्यावर मोटारसायकल पळवणाऱ्या मुलाचे काय होईल, याचा विचार करा. गिअरची मोटारसायकल किंवा मोटार चालवण्याचा परवाना अठरा वर्षांपूर्वी मिळत नाही. हा नियम मुलांची मजा हिरावण्यासाठी केलेला नाही.

मित्रांनो, वेगवान खेळ जरूर खेळा. त्यात बुद्धीला, नजरेला आणि चिकाटीला भरपूर काम आहे. त्यातील चांगल्या सवयी बाहेरही घेऊन या. नजर पुढे ठेवा. वळण येण्यापूर्वी तयारी करा. सगळी शक्ती एकदम खर्च करू नका. हरलात, तर कोठे चुकलो ते पाहा आणि पुन्हा प्रयत्न करा. अभ्यासात, मैदानावर आणि पुढे कामधंद्यातही या सवयी उपयोगी पडतील. मात्र तेथला वेग पडद्यावरच ठेवा. उद्या शाळेत जाताना रस्ता ओलांडण्यापूर्वी पट्टीचा प्रयोग आठवा. समोरून येणाऱ्या चालकाला तर त्याहूनही जास्त वेळ लागतो, हे लक्षात घेऊन थांबा, दोन्हीकडे पाहा आणि मगच पाऊल टाका.